रविवारची उठबस

शनिवारी बाबांच्या मोटरसायकलचा लेगगार्ड काढायचा आणि रविवारी तो परत बसवायचा, हे काम मी एक अख्खा हिवाळा केलं. लेगगार्डबरोबर बाजूचा लोखंडी डबा, मागच्या चाकाजवळची साडी गार्डची जाळी आणि दोन्ही आरसेही उतरायचे. नट-बोल्ट मी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवत असे आणि तो डबा खाटेखाली सरकवत असे. काढताना हात भराभर चालायचे. बसवताना चालायचे नाहीत. दिवसभर हँडल आवळून बोटं अशी आखडलेली असायची की पाना हातातून सुटून ओट्यावर पडायचा आणि आतून माय म्हणायची, "राहू दे नं उद्या. कुठं पळून चालली गाडी?"

पण गाडी सोमवारी सकाळी होती तशी दिसली पाहिजे, असं मीच ठरवलं होतं. ती बाबांची होती.

हे सगळं मी कशासाठी करत होतो ते सांगणं मला थोडं अवघड जातं. आता मी शेवटच्या वर्षाला आहे आणि तो हिवाळा मागे पडला आहे, तरी नीट जुळवून सांगता येईल की नाही, शंका वाटते. प्रयत्न करतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या प्लांटमध्ये भरती सुरू होती तेव्हा धानाची शेती भावांवर सोडून भिलाईला आले आणि कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर लागले. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे ओटा, मागे अंगणात पेरू. मी बारावी पास झालो तेव्हा पुढे काय करायचं असतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बी.एस्सी.चा फॉर्म भरताना मी रांगेतल्या पुढच्या मुलाने कोणते विषय लिहिले ते बघितलं आणि तेच लिहिले. कॉलेजातही बरेच दिवस मी तसाच होतो. दुसऱ्याचं बघून बसायचं, दुसऱ्याचं बघून उठायचं.

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला माझा जोडीदार एका मोठ्या साहेबाचा मुलगा होता. उंच, मोकळा, कुणाच्याही पाठीवर थाप मारून बोलणारा. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एकदा त्याने रीडिंग घेता घेता विचारलं, "तेरे पास गाड़ी है?"

"है," मी म्हणालो. "मतलब, पापा की है."

"चलेगी. संडे को आ जा."

रविवारी ते आठ-नऊ जण मोटरसायकली घेऊन रस्ता सोडून हिंडायला जात, हे मला ऐकून माहीत होतं. कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या खास मोटरसायकली तेव्हा फक्त मासिकात दिसत. आमच्या गावात त्या कुणाकडे असणार? ही मुलं आपल्या गाड्याच तशा करून घेत. मडगार्ड कापून वर उचलायचं, सायलेन्सर सीटपर्यंत चढवायचा, पुढच्या दिव्यावर जाळी ठोकायची आणि चाकांना मोठमोठ्या गाठींचे टायर लावायचे. त्यांना ते बटन टायर म्हणत. सुपेल्यातला एक मिस्त्री हे सगळं करून द्यायचा. मग ती गाडी मुरमाच्या टेकाडावरून, धान कापलेल्या बांध्यांमधून, नाल्यातून, कशीही जायची.

मी घरी सांगितलं तेव्हा माय लगेच नाही म्हणाली. "रविवारी एक दिवस झोपाचं, त हे पोरगं माती खायाले चाललं."

बाबा जेवत होते. त्यांनी घास हातात धरून विचारलं, "कोणाचे पोट्टे हायेत?"

मी सांगितलं.

"सारे साहेबायचे?"

"बहुतेक."

बाबांनी घास खाल्ला, पाणी प्यायले. मग म्हणाले, "गाडी ने. मी रविवारी सायकलनं जाईन. पाय मोकळे होतीन."

"कावून?" मायने विचारलं.

"अवं, त्यायच्यासंग उठबस पायजे बाबूची. आपली त नाही झाली."

उठबस. तो शब्द बाबांनी नेहमीचाच म्हणून वापरला, पण माझ्या डोक्यात तो राहिला. बाबा इतकी वर्षं साहेबांशी बोलले ते उभ्याने. हजेरी सांगायला, सुटी मागायला, ओव्हनचा दरवाजा अडकला ते कळवायला, सगळं उभ्याने. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीच नंतर जोडलं, कदाचित चुकीचंही जोडलं असेल. पण मी साहेबांच्या मुलांत जाऊन बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि तेवढ्यासाठी ते रविवारी सायकल मारत प्लांटच्या गेटपर्यंत जायला तयार होते. मग मला नाही कसं म्हणता येणार?

आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्यात बसायचं होतं.

पहिल्या रविवारी स्मृतिनगरच्या शेवटच्या वळणावर सगळे जमले. तिथे तेव्हा बरेच प्लॉट मोकळे होते, त्यांच्या पलीकडे थेट शेतं सुरू व्हायची. लेगगार्ड आणि डबा काढून माझी गाडी मला बरीच रुबाबदार वाटत होती. पण मागचं कॅरिअर काढायचं मला सुचलं नव्हतं आणि त्याला बाबांच्या डब्याच्या पिशवीचा हुक तसाच लटकत होता. उंच मुलगा गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"दूध कितने लीटर लाया?"

"भैंस किधर बाँधी?" दुसऱ्याने विचारलं.

मी हसलो. सगळे हसले. त्यात फार काही नव्हतं, सगळ्यांच्याच गाड्यांवर ते काही ना काही बोलत. पण त्या दिवसापासून माझी गाडी दूधगाडी झाली.

कुरुदच्या मागून निघून बांध्या ओलांडत, भाठ्यावरून उत्तरेला अहिवाऱ्याच्या बाजूला जायचं, असा बहुतेक वेळा रस्ता असे. भाठा म्हणजे तिकडची लाल, खडकाळ, पडीक जमीन. धान होत नाही म्हणून लोक तिला हात लावत नाहीत. पुढे चुनखडीच्या खाणी सुरू झाल्या की तीच धूळ लालाची पांढरी होते.

धुळीत मागच्याला काही दिसत नाही, म्हणून मधे बरंच अंतर ठेवावं लागतं. मग चुकामूक होऊ नये यासाठी त्यांचा एक नियम होता: जिथे वाट फुटेल तिथे थांबायचं, आणि मागचा दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. नियम चांगला होता. पण होत असं असे की पुढचे सगळेच फाट्यावर जमत, गाड्या बंद करून पळसाखाली नाहीतर बाभळीखाली बसत, पाणी पीत, संत्री सोलत, आणि शेवटच्याची वाट बघत.

शेवटचा मी असे. माझे टायर साधे होते, गाडी जड होती, आणि तिला खरचटू नये याची काळजी माझ्या मनगटांत भरलेली असायची. मी धुळीतून बाहेर पडलो की कुणीतरी म्हणे, "आ गया. चलो." लगेच सगळे उठत. हेल्मेट चढत, किका बसत. मी पोचून पाय टेकतो न टेकतो तोच त्यांची रांग पुढे लागलेली असे. माझी गाडी बंदच होत नसे. मी तशीच पहिल्या गिअरमध्ये टाकून निघायचो.

यात वाईट असं कुणी काहीच करत नव्हतं. ते थांबले होते ते माझ्यासाठीच. पण माझ्यासाठी थांबण्यात त्यांची विश्रांती व्हायची आणि माझी व्हायची नाही. पुढच्या फाट्यावर पुन्हा तेच. दुपारपर्यंत ते ताजेतवाने असत आणि मी खांद्यापासून खाली दगड झालेला असे. "थोडा बैठने दो" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण ते म्हटलं असतं तर मी दमतो हे त्यांना कळलं असतं आणि पुढच्या रविवारी त्यांनी बोलावलं नसतं तर बाबांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. म्हणून मी ते बोललो नाही.

घरी गेलो की बाबा विचारत, "झाली उठबस?"

"झाली," मी म्हणायचो.

त्या मुलांचं उठणं मी बघत होतो, एवढंच खरं होतं. बसणं राहून जायचं.

त्या मुलांत एक स्मृतिनगरचा होता. त्याचं आडनाव हजेरीत ऐकलं तेव्हाच तो आपल्याकडचा हे मला कळलं होतं. वडील अधिकारी, मूळचे नागपूरचे. पहिल्या रविवारी मी त्याला हळूच विचारलं, "तुम्ही नागपूरचे का?" तो म्हणाला, "हाँ, उधर के ही हैं," आणि साखळीला तेल घालायला वाकला. मी पुन्हा विचारलं नाही. त्याला नावं कशाला ठेवू? मीही वर्गात मराठी बोलत नव्हतो. मराठी घरात, जेवताना, मायशी भांडताना. ओट्याच्या पायऱ्या उतरलो की हिंदी. पण रांगेत माझ्या पुढे बहुतेक तोच असायचा, आणि त्याच्या पाठीकडे बघत धूळ खाताना मला उगाच वाटायचं की हा एकदा तरी मागे वळून मराठीत काहीतरी बोलेल. काहीही. "सांभाळून ये," एवढं.

हिवाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. टेस्ट सुरू होत्या आणि मी दोन लहान मुलांच्या शिकवण्याही धरल्या होत्या. त्या रविवारी मी जाऊ नये असं मायला वाटत होतं. "डोळे पाह्य कसे झाले त," ती म्हणाली. पण बाबा पहाटेच सायकल घेऊन पहिल्या पाळीला निघून गेले होते. गाडी ओट्याशी उभी होती, तशीच, माझ्यासाठी सोडलेली. मी गेलो.

अहिवाऱ्याच्या पुढे एका बंद पडलेल्या खाणीजवळून जुना रस्ता जातो. एका बाजूला खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग, दुसऱ्या बाजूला पाणी भरलेला खड्डा, खोल. त्या रस्त्यावर अधूनमधून ट्रक येत. म्हणून उंच मुलगा आधी एकटा वळणापर्यंत जाऊन बघायचा आणि रस्ता मोकळा असला की हात हलवून ओरडायचा, "खाली है!" मग प्रत्येकाने आपल्या मागच्याला ते ओरडून सांगायचं. शेवटच्यापर्यंत येईस्तोवर त्यातला "है" कुठेतरी गळून जायचा आणि नुसतं "खाली!" उरायचं.

ते मी कितीतरी वेळा ऐकलं होतं आणि दर वेळी बरोबर समजलो होतो.

त्या दिवशी माझ्या पुढे स्मृतिनगरचा होता. पांढरी धूळ हवेत नुसती टांगलेली होती. त्याची गाडी मला दिसत नव्हती, फक्त पाठ आणि वर उचललेला हात. तो अर्धा मागे वळला, हात जोरात हलवला आणि ओरडला, "खाली!"

दुसऱ्या कुणी ओरडलं असतं तर मी ते हिंदीतच ऐकलं असतं. पण तो ओरडला. मी इतका दमलो होतो, आणि त्याच्या तोंडून मराठी ऐकण्याची मला इतकी आस होती, की तो शब्द माझ्या कानात मराठी होऊनच आला. खाली. खड्ड्यात. कुणीतरी खाली पडलं.

मी विचार केला नाही. उजवीकडे खाणीत उतरणारा जुना उतार होता, गिट्टीने भरलेला. मी गाडी त्यावर घातली. दोन्ही पाय टेकवत, मागचा ब्रेक दाबत, गाडी अर्धी चालवत आणि अर्धी घसरवत मी तळाशी पोचलो. तिथे हिरवं पाणी होतं. पाण्याच्या कडेला एक बगळा उभा होता. चारी बाजूंनी पांढऱ्या भिंती. आणि कुणीच नव्हतं.

"कोण आहे?" मी ओरडलो. मग, "कोई है?"

बगळा उडाला. माझी गाडी केव्हा बंद पडली होती ते मला कळलं नव्हतं. मी पाण्यात वाकून वाकून बघितलं. कडेकडेने चालत गेलो. चिखलात बूट रुतला. कुठे टायरची खूण नाही, तेलाचा तवंग नाही. जरा वेळाने माझ्या मनात आलं की कुणी पडलंच नसेल तर? पण मग तो खाली का म्हणाला? तेव्हाही मला उलगडलं नाही, इतकं डोकं बंद झालं होतं.

गाडी सुरू करून मी चढायचा प्रयत्न केला. मागचं चाक गिट्टीत जागच्या जागी फिरलं, क्लच जळाल्याचा वास आला, आणि गाडी होती तिथेच राहिली. मी उतरून ती ढकलू लागलो. थोडी चढायची, माझ्यासकट परत यायची.

मग वरून इंजिनांचे आवाज आले. फाट्यावर मी आलो नाही म्हणून ते परत फिरले होते. कडेवर एकेक डोकं दिसायला लागलं.

"वो रहा! नीचे गिर गया!"

ते सगळे उतरले. दोघं-तिघं गाड्यांसकट आले, बाकीचे गाड्या वर टाकून धावत, घसरत. सगळ्यात पुढे उंच मुलगा होता. त्याने माझे दोन्ही दंड धरले, गुडघे चाचपले.

"कहाँ लगी?"

"कहीं नहीं."

"सिर घूम रहा है?"

"नहीं. मैं गिरा नहीं."

"तो नीचे क्या कर रहा है?"

"आवाज़ आई थी," मी म्हणालो. "खाली."

"हाँ तो. रोड खाली है."

"मुझे लगा कोई खाली गिर गया."

त्याने माझे दंड सोडले. मग म्हणाला, "खाली गिर गया? भरके गिरना चाहिए था क्या?"

आणि सगळे हसले. पोट धरून, एकमेकांच्या खांद्यावर पडून हसले. घाबरून धावत आलेली माणसं हसतात तसं ते हसणं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त एका माणसाकडे बघत होतो. स्मृतिनगरचा हसत नव्हता. तो बुटाच्या टोकाने गिट्टी उकरत होता. मला काय झालं ते त्या खड्ड्यात दोघांनाच कळलं होतं, मला आणि त्याला. त्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर मी जन्मभर त्यांच्यात येडा ठरलो असतो, आणि माझ्यात ते समजावून सांगायचं धैर्य नव्हतं.

तो वर न बघता म्हणाला, "इन लोगों में खाली मतलब नीचे होता है."

इन लोगों में. ते मला लागलं.

"किन लोगों में?" उंच मुलाने सहजच विचारलं.

"मराठी में."

"तेरे को कैसे पता?"

मग त्याने हेल्मेट काढलं, जणू बोलायला ते काढावंच लागतं. "हम लोग भी वही हैं न, यार."

"अबे! तू मराठी है? दो साल से साथ घूम रहा है, आज बता रहा है?"

"कभी पूछा तूने?"

"मतलब एक मराठी चिल्लाया, दूसरा मराठी समझा, और बाकी हम उल्लू गड्ढे में उतर गए!"

आता सगळे त्याच्यावर हसत होते. त्याचे कान लाल झाले होते. माझ्यावरचं अर्धं ओझं त्याने उचलून घेतलं होतं, आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं, तरी त्याने खाली टाकलं नाही.

मग गाड्या वर काढायच्या होत्या. एकाने बाजूने चालत हँडल धरायचं, तिघांनी मागून रेटायचं. हलक्या गाड्या आधी गेल्या. दूधगाडी शेवटी. तिला वर न्यायला सगळे लागले. निम्म्यात एकदा ती सुटली, आणि उंच मुलाने सायलेन्सरला पाय लावून अडवली. त्याच्या पॅन्टला भोक पडलं. "ऐसी भैंस कौन पालता है?" तो धापा टाकत म्हणाला. कडेवर पोचल्यावर कुणी स्टँडसुद्धा लावला नाही. गाडी तशीच ढिगाऱ्याला टेकवली आणि जो तो होता तिथे खाली पडला.

मीही बसलो.

कुणी उठलं नाही. कुणी "चलो" म्हणालं नाही. चुनखडीच्या धुळीने सगळे एकाच रंगाचे झाले होते, भुवयांपासून बुटांपर्यंत. पाण्याचा कॅन फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी प्यालो. खांदे जमिनीला टेकले तेव्हा ते किती दुखत होते ते कळलं, म्हणजे दुखायला त्यांना पहिल्यांदाच सवड मिळाली. मला रडायला येईल की काय असं वाटलं. आलं नाही. डोळ्यांत धूळ मात्र फार होती.

स्मृतिनगरचा माझ्या बाजूला बसला होता. समोर बघत, हळू आवाजात, थांबत थांबत तो म्हणाला, "आई बोलते घरी. खाली ठेव, खाली बस. मला तेव्हा लक्षात नाही आलं."

"माझ्यापण," मी म्हणालो.

"माझी मराठी थोडी कच्ची आहे."

"माझी घरचीच आहे."



घरी पोचलो तेव्हा बाबा पाळीवरून आले होते, ओट्यावर चहा पीत होते. गाडी थांबायच्या आधीच त्यांना वास आला. त्यांनी कप खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं, क्लचपासून सुरू करून. माय दारात उभी राहून ऐकत होती. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला चौकटीला धरावं लागलं. "बाई बाई! आता खाली म्हटलं त माणूस खालीच जाईन नं?"

बाबा हसले नाहीत. ते वेगळंच काही लावून बघत होते.

"मंग ते सारे आले तिथं? खाली?"

"आले."

"तुह्यासाठी?"

"हो."

"साहेबाचं पोरगं बी?"

"तोच पहिले आला. त्याची पॅन्ट जळाली."

"मंग? बसले?"

"वर आल्यावर बसले."

"तू?"

"मीबी बसलो."

बाबांनी मान हलवली. क्लचबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मी खाटेखालून नट-बोल्टचा डबा आणला तेव्हा माझ्या बोटांतून पाना पुन्हा पडला. त्यांनी तो उचलला, मला बाजूला केलं आणि लेगगार्ड स्वतः बसवायला घेतला. त्यांचेही हात पाळीवरून आलेले होते. आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं आणि ते नेहमीपेक्षा लवकर झालं नाही.

क्लचप्लेटा बदलेपर्यंत मी गेलो नाही. बाबा तोवर रोजच सायकलने जात होते. मग टेस्ट संपल्या आणि एका रविवारी, ऊन तापायला लागलं होतं तेव्हा, मी पुन्हा गेलो. खरं तर जावंसं वाटत नव्हतं. लेगगार्ड काढतानाच अंग नको म्हणत होतं. पण बाबा सायकलला हवा भरून बसले होते.

कुरुद सोडून भाठ्यावर लागल्यावर पहिल्या उतारापाशी पुढून आवाज आला. "साफ है!" मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. "साफ है!" माझ्या पुढच्या पाठीपर्यंत तो आला आणि तो वळून मला ओरडला, "साफ!" याबद्दल कुणी मला काही सांगितलं नव्हतं. मी ते ऐकून घेतलं आणि गाडी चालवत राहिलो.

पहिल्या फाट्यावर ते पळसाखाली बसले होते. पळस फुलून गेला होता, खाली फुलं पडली होती. मी धुळीतून बाहेर पडलो. उंच मुलगा उठला, त्याने हेल्मेटला हात घातला. मी सवयीने पहिला गिअर तसाच ठेवला, एक पाय टेकून.

स्मृतिनगरचा उठला नाही. त्याने आपल्या बाजूच्या जमिनीवर हात आपटला, दोनदा, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बस."

उंच मुलाने ते हिंदीत ऐकलं. "बस? इतने में बस? थक गया क्या तू?"

"हाँ," तो म्हणाला. "थक गया."

तो थकलेला दिसत नव्हता. उंच मुलाने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला काय समजलं मला माहीत नाही. त्याने हेल्मेट परत फांदीला अडकवलं आणि फतकल मारून बसला. बाकीचे होतेच. मी अजून इंजिन चालू ठेवून उभा होतो. बंद करायची वेळ या ठिकाणी माझ्यावर कधी आलीच नव्हती.

"बंद कर न उसको," उंच मुलगा म्हणाला. "दूध फट जाएगा तेरा."

मी चावी फिरवली. गाडी स्टँडला लावली आणि स्मृतिनगरच्याने हात आपटला होता तिथे जाऊन बसलो. कुणीतरी संत्र्याची फोड दिली. मागे इंजिन गार होताना बारीक टिकटिक करत होतं. घरी ओट्यापाशी नळ असतो, शेजारचा रेडिओ असतो, तिथे हे ऐकू येत नाही. मी फोड तोंडात धरून ते ऐकत बसलो. बराच वेळ ते चाललं होतं.